सभागृहातली ती खुर्ची

मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवड अशा एकेका महापालिकेची मुदत संपत गेली आणि निवडणुका काही लागल्या नाहीत. नवी मुंबई, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि कोल्हापूर इथे तर 2020 पासूनच नगरसेवक नव्हते. प्रशासक आले. स्थायी समिती, सर्वसाधारण सभा, प्रभाग समित्या या सगळ्यांचे अधिकार एकाच टेबलावर गोळा झाले. प्रस्ताव तिथेच तयार व्हायचा आणि मंजुरीची सहीही तिथेच व्हायची. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार 427 कोटी रुपयांचं होतं. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या या आकड्यावर सभागृहात एक शब्दही बोलला गेला नाही, कारण बोलायला लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतंच.

नगरसेवकांच्या रिकाम्या बाकांची चर्चा पुष्कळ झाली. त्याच सभागृहातली आणखी एक जागा या काळात ओस पडली होती, तिच्याविषयी मात्र फारसं कुणी बोललं नाही. ती म्हणजे पत्रकार कक्षातली खुर्ची. सभा असते तेव्हा तिथे महापालिका ‘कव्हर’ करणारा बातमीदार बसतो. विषयपत्रिका त्याच्या मांडीवर असते. कोणता विषय तहकूब झाला, कोणता ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत दाखल झाला आणि चर्चेविना संमत झाला, काल विरोधात बोललेला सदस्य आज मतदानाच्या वेळी कुठे निघून गेला, हे तो टिपून घेतो. सभेचा कारभार इतिवृत्तातही येतो. पण इतिवृत्त प्रशासन लिहितं. नागरिकाच्या बाजूने होणारी नोंद त्या खुर्चीवरून होते.

सभाच भरेनाशा झाल्यावर बातमीदारांपुढे दोन वाटा उरल्या. जनसंपर्क विभागाकडून आलेली प्रेसनोट थोडी फिरवून लावायची, नाहीतर फाइलींचा माग काढत खात्याखात्यांत हिंडायचं. काही जणांनी दुसरी वाट धरली आणि निविदा, मुदतवाढी, वाढीव खर्चाचे प्रस्ताव असं बरंच काही त्यांच्यामुळे लोकांपुढे आलं. पुष्कळ ठिकाणी मात्र पानं प्रेसनोटांनी भरली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं. सभागृहांना पुन्हा नगरसेवक मिळाले. आता प्रश्न त्या खुर्चीचा आहे. तिच्यावर कोण बसणार, कुणाच्या वतीने बसणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार?

ही खुर्ची कायमची रिकामी राहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण दूरच्या एका गावात सापडतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अंगाला बेल नावाचं छोटं शहर आहे. वस्ती जेमतेम 36-37 हजारांची. बहुतेक लोक स्थलांतरित, हातावर पोट असलेले. तिथल्या नगर परिषदेच्या बैठकांना नियमित जाणारा बातमीदार कुणी उरला नव्हता. जुलै 2010 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हिवेस या दोन बातमीदारांनी तिथली कागदपत्रं तपासली. शहराच्या मुख्य प्रशासकाचा वार्षिक पगार जवळपास 8 लाख डॉलर निघाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मिळतात त्याच्या साधारण दुप्पट. नगर परिषदेचे बहुतेक सदस्यही अर्धवेळ कामासाठी वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास घेत होते. हे पैसे त्याच गरीब वस्तीच्या करांतून येत होते. बातमी छापून आल्यावर रहिवासी शेकड्यांनी सभागृहात येऊन उभे राहिले. पुढे खटले झाले, शिक्षा झाल्या आणि 2011 मध्ये या वार्तांकनाला लोकसेवेसाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

या दोघांनी उघडलेले कागद गुप्त नव्हते. पगार नगर परिषदेच्याच दफ्तरात होते. ते मागायला मात्र वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं.

स्थानिक वृत्तपत्रं बंद पडली की काय महागतं, याचा हिशेबही अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या भागातलं वृत्तपत्र बंद पडलं तिथल्या स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर पूर्वीपेक्षा जास्त व्याज मोजावं लागू लागलं. देखरेख करणारं कुणी नाही हे पैसे देणाऱ्यालाही कळतं आणि तो त्याची किंमत वसूल करतो. ती किंमत शेवटी करदात्याच्या खिशातून जाते.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे आणि ती शहरांपुरती कधीच नव्हती. सत्यशोधक चळवळीतले मुकुंदराव पाटील यांनी 1910 मध्ये ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालवायला घेतलं, ते तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून. पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून पाच दशकांहून अधिक काळ ते निघत राहिलं. मुंबई-पुण्याची पत्रं साम्राज्य आणि स्वराज्य यांवर लिहीत असताना एका खेड्यातल्या छापखान्यात सावकारी, भिक्षुकशाही आणि शेतकऱ्याचं कर्ज यांविषयी मजकूर जुळवला जात होता.

दुसरं मोठं वळण 1 जानेवारी 1932 ला पुण्यात आलं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. ना. भि. ऊर्फ नानासाहेब परुळेकर यांनी त्या दिवशी ‘सकाळ’ सुरू केला. तोवर मराठी वृत्तपत्र म्हणजे मुख्यतः मतपत्र होतं. संपादक कोण आणि त्याचा अग्रलेख काय, यावर पत्राची ओळख ठरायची. परुळेकरांनी बातमीला वरचा मान दिला आणि बातमी म्हणजे फक्त राजकारण, ही समजूतही मोडली. मंडईतले भाव, नळाचं पाणी, रस्ते, शाळा, सामान्य वाचकाची तक्रार यांना त्यांनी पानावर हक्काची जागा दिली. जिल्ह्यांत, तालुक्यांत, मोठ्या गावांत वार्ताहर नेमले. ‘आमच्या वार्ताहराकडून’ ही ओळ मराठी वाचकाच्या ओळखीची झाली ती अशा प्रयत्नांतून. भाषाही त्यांनी सोपी ठेवली. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला ती वाचता आली पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार होता.

त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत दैनिकं उभी राहिली आणि कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, सातारा, बेळगाव अशा ठिकाणी वाचक आपल्या गावच्या पत्राचा अभिमान बाळगू लागला. 1990 नंतर मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या निघाल्या, मग तालुक्याच्या पुरवण्या आल्या. इतकी स्थानिक पानं मराठीत त्याआधी कधीच नव्हती. पानं वाढली तशी ती भरणाऱ्या माणसाची मिळकत मात्र वाढली नाही.

तालुक्याच्या वार्ताहराचं आयुष्य जवळून पाहिलं की हे लगेच कळतं. वाचकांच्या लेखी तो ‘पेपरवाला’ असतो. गावात त्याला मान असतो आणि पोलीस ठाण्यात चहा मिळतो. पण बहुतेक वार्ताहर वृत्तपत्राचे पगारी नोकर नसतात. थोडं मानधन असतं, कित्येकांना तेही नसतं. घर चालतं ते शेतीवर, दुकानावर, एखाद्या शाळेतल्या नोकरीवर, नाहीतर जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी त्याला जाहिरातींचं ‘टार्गेट’ दिलं जातं. म्हणजे ज्या बाजार समितीच्या कारभारावर त्याने लिहायचं, त्याच बाजार समितीच्या सभापतीकडे त्याने जाहिरात मागायला जायचं. ज्या ठेकेदाराचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, त्याच्याच शुभेच्छांचं अर्धं पान त्याने आणायचं. अनेक वार्ताहर हे दोन्ही सांभाळूनही सचोटीने लिहितात, आणि त्यांच्यामुळेच तालुक्यातली खरी बातमी आजही बाहेर येते. पण ही व्यवस्था त्यांच्या सचोटीची परीक्षा दर आठवड्याला घेते आणि त्या परीक्षेचं मोल त्यांना कुणी देत नाही.

या परिस्थितीत नागरिकाला मध्यभागी ठेवून बातमी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एखाद्या गावाच्या नळपाणी योजनेचं उद्घाटन झालं. मंत्री आले, कळ दाबली, भाषण झालं. ही घटना आहे आणि तिची बातमी होणारच. पण नागरिकाचा प्रश्न उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट दर माणशी दर दिवशी 55 लिटर पाणी घरातल्या नळाला देण्याचं. पाच माणसांच्या घराला ते दिवसाला 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सुमारे अठरा बादल्या होतात. बातमीदाराने गावाच्या चार टोकांच्या चार घरांत जाऊन पाणी येण्याच्या वेळेला उभं राहावं. बादल्या मोजाव्यात, घड्याळ लावावं, पाणी रोज येतं की चौथ्या दिवशी ते विचारावं, आणि उंचावरच्या वस्तीत ते चढतं का ते पाहावं. मग योजनेचा आराखडा, ठेकेदाराला दिलेली बिलं आणि ग्रामपंचायतीने घेतलेला ताबा यांची कागदपत्रं समोर ठेवावीत. हे काम एका दिवसात होत नाही आणि त्याला मोठ्या प्रतिभेची गरजही नसते. गरज असते ती वेळेची आणि चिकाटीची. बातमीदारांच्या बोलीत याला एकच शब्द आहे: पाठपुरावा.

पाठपुराव्याची साधनं आज जितकी आहेत तितकी परुळेकरांच्या वार्ताहराकडे नव्हती. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 2002 मध्ये केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा त्यामागे मोठा रेटा होता. 2005 च्या केंद्रीय कायद्याने 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक केलं. त्याच कायद्याच्या कलम 4 नुसार पुष्कळशी माहिती तर कुणी मागण्याआधीच कार्यालयांनी जाहीर करायची असते. पुणे महापालिकेत नागरिकांच्या प्रयत्नांतून सोमवारी दस्तऐवज पाहण्यासाठी खुले ठेवण्याची पद्धत सुरू झाली. 2018 मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकाने जायचं आणि फाइल पाहायची. ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या निधीतून किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले, हे आता सरकारी संकेतस्थळावर दिसतं.

गावात ग्रामसभा असते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने सक्तीचं आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी सर्वांना ठाऊक आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर लागतात. गणपूर्ती झाली का, की हजेरीच्या वहीवर सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या, एवढं जरी एखाद्या वार्ताहराने पाहिलं तरी त्या गावच्या लोकशाहीची अवस्था वाचकापुढे येते. झेंडावंदनाचा फोटो मात्र दर वर्षी न चुकता छापून येतो.

मोजण्याच्या या साध्या कामात किती ताकद असते, ते कोविडच्या दुसऱ्या लाटेत शेजारच्या गुजरातमध्ये दिसलं. एप्रिल 2021 मध्ये तिथल्या गुजराती दैनिकांचे बातमीदार शवागारांच्या आणि स्मशानांच्या दारात रात्रंदिवस उभे राहिले आणि बाहेर येणारे मृतदेह त्यांनी मोजले. मे महिन्यात ‘दिव्य भास्कर’ने राज्यातल्या तेव्हाच्या सगळ्या 33 जिल्ह्यांतून आणि मोठ्या शहरांतून मृत्यूच्या दाखल्यांची आकडेवारी गोळा केली. 1 मार्च ते 10 मे या काळात सुमारे 1 लाख 23 हजार दाखले दिले गेले होते. आदल्या वर्षी त्याच काळात ते सुमारे 58 हजार होते. आणि कोविडचे मृत्यू म्हणून सरकारने त्या काळात जाहीर केलेला आकडा होता 4,218. वाढलेला प्रत्येक मृत्यू कोविडचाच होता असं कुणी म्हटलं नाही. पण दोन आकड्यांमधली दरी इतकी मोठी होती की तिचं उत्तर द्यावं लागलं. ही बातमी दिल्लीच्या स्टुडिओतून येणं शक्य नव्हतं. ज्याला तालुक्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा कारकून ओळखतो, त्यालाच हे दाखले मोजता येतात.

नागरिक म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं, हाही प्रश्न बातमीदाराने स्वतःला विचारला पाहिजे. वृत्तपत्राच्या कचेरीत फोन करणारा, निवेदन टाइप करून आणणारा, सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार देणारा हा नागरिक आहेच. पण पालावर राहणारा, ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून जाणारा, घाटाखालच्या पाड्यावर राहणारा माणूस फोन करत नाही. त्याच्या पाड्यावर रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून आणावं लागतं, ही बातमी दर पावसाळ्यात येते, दोन दिवस राहते आणि विरते. पुढच्या पावसाळ्यात तोच पाडा असतो आणि तीच झोळी असते. मधल्या दहा महिन्यांत त्या रस्त्याचा प्रस्ताव कोणत्या खात्यात अडला, वनखात्याची परवानगी मागितली होती का, आमदार निधीतून काय झालं, हे विचारलं तर त्या बातमीचा पाड्यावरच्या लोकांना काही उपयोग.

या माणसांपर्यंत पोचायचं तर त्यांच्यातलाच बातमीदार लागतो, हे उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडाने दाखवून दिलं. 2002 मध्ये चित्रकूटहून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतलं पत्र निघालं. ते चालवणाऱ्या गावातल्याच बायका, बहुतेक दलित घरांतल्या. हातपंप नादुरुस्त आहे, रेशन कमी मिळतं, बलात्काराची तक्रार पोलीस घेत नाहीत, हे त्यांचे विषय होते. पुढे त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करायला सुरुवात केली. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 पासून चालू आहे. दुष्काळी माणदेशातल्या बायकांचा आवाज त्यांच्याच बोलीत हवेवर जातो. ग्रामीण भारताच्या रोजच्या जगण्याची नोंद करण्यासाठी पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये ‘परी’ हे संकेतस्थळ सुरू केलं, तिथे मराठवाडा आणि विदर्भातल्या माणसांच्या कहाण्या मराठीतही वाचायला मिळतात.

साईनाथांचं नाव महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रसृष्टीत आणखी एका कारणाने घेतलं जातं. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांची स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याविषयी शब्दशः तोच मजकूर बातमी म्हणून छापून आल्याचं त्यांनी पुराव्यांसह दाखवलं. कुठेही ‘जाहिरात’ असं लिहिलेलं नव्हतं. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये 71 पानांचा अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती. कौन्सिलने आधी तो पूर्ण प्रसिद्ध केलाच नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये तो सर्वांना वाचायला मिळाला. बातमीची जागा विकली गेली की सर्वांत आधी मरतो तो स्थानिक मजकूर, कारण मतदार स्थानिक असतो, उमेदवार स्थानिक असतो आणि पैसा तिथेच खर्च होत असतो. त्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराविषयी खरं काय ते वाचकाला कळायला हवं होतं, नेमक्या त्याच वेळी ती जागा दुसऱ्याने विकत घेतलेली होती.

जो विकला जात नाही त्याला काय सोसावं लागतं, ते कोकणाने पाहिलं. शशिकांत वारिशे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे पत्रकार. बारसू-सोलगावच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी, तिथल्या विरोधाविषयी आणि जमीन व्यवहारांविषयी ते सातत्याने लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 च्या सकाळी प्रकल्पाचा समर्थक असलेल्या एका जमीन व्यावसायिकाविषयी त्यांची बातमी छापून आली. त्याच दुपारी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने धडक दिली आणि फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. मोटार त्याच व्यावसायिकाची होती. त्याला अटक झाली आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. वारिशे कुठल्या मोठ्या माध्यमसमूहाचे नामांकित चेहरे नव्हते. ते राजापुरात राहून राजापूरबद्दल लिहीत होते.

जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूरमध्ये मुकेश चंद्राकर या तरुण पत्रकाराचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी त्यांनी केली होती. महाराष्ट्राने पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी 2017 मध्ये कायदा केला. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पण या कायद्याखाली तक्रार दाखल करून घ्यायची ती स्थानिक पोलीस ठाण्याने, आणि तालुक्यातल्या वार्ताहराला अनेकदा तिथेच पहिली भिंत लागते. नियुक्तिपत्र नसलेल्या, मानधनाची पावतीही नसलेल्या माणसाला आपण पत्रकार आहोत हेच आधी सिद्ध करावं लागतं. वृत्तपत्रांनी आपल्या प्रत्येक वार्ताहराला लेखी नियुक्तिपत्र द्यावं, ही मागणी त्यामुळे कागदी वाटली तरी जिवाशी जोडलेली आहे.

आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. खड्डा दिसला की फोटो निघतो, पूर आला की चित्रीकरण होतं आणि बातमीदाराच्या मोबाइलवर दिवसाला शेकडो संदेश येऊन पडतात. मग बातमीदार हवाच कशाला, असं काहींना वाटतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव त्याचं उत्तर देतं. 1 जुलै 2018 ला तिथल्या आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. त्या अफवेत तथ्य नाही हे ठासून सांगणारा, लोकांचा विश्वास असलेला आवाज त्या गावांपर्यंत वेळेत पोचला नाही. संदेश पोचवण्याचं काम आता कुणीही करू शकतो. तो खरा की खोटा हे तपासून, आपलं नाव घालून, चूक झाली तर दुरुस्ती छापण्याची जबाबदारी घेऊन सांगणारा माणूस मात्र नेमावा लागतो.

नागरिक आणि बातमीदार यांची जोडी जमली की काय होतं, तेही 2019 मध्ये दिसलं. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात एका सरकारी शाळेत मुलांना मध्यान्ह भोजनात पोळी आणि मीठ दिलं जात असल्याचं गावकऱ्यांनी पवन जयस्वाल या स्थानिक पत्रकाराला कळवलं. तो शाळेत गेला, स्वतः पाहिलं, चित्रीकरण केलं. बातमी देशभर गेली. प्रशासनाने आधी त्याच्यावरच गुन्हा दाखल केला. पुढे तपासात त्याच्यावरचे आरोप टिकले नाहीत. 2022 मध्ये कर्करोगाने त्याचं निधन झालं. गावकऱ्यांनी फोन केला नसता तर ही गोष्ट त्याला कळली नसती, आणि तो गेला नसता तर गावकऱ्यांचं म्हणणं देशाला कळलं नसतं.

म्हणून स्थानिक बातमीचा प्रश्न एकट्या पत्रकारांच्या गळ्यात टाकून चालणार नाही. वृत्तपत्रांच्या मालकांनी जाहिरात आणणारा माणूस आणि बातमी आणणारा माणूस वेगळा ठेवला पाहिजे. तालुक्याला निदान एक पगारी बातमीदार दिला पाहिजे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांनी अंदाजपत्रक कसं वाचावं, निविदेतली मेख कुठे असते, सात-बारा आणि फेरफार कसे पाहावेत हे शिकवलं पाहिजे. संपादकांनी दर महिन्याला एक जुनी बातमी काढून तिचं पुढे काय झालं ते छापलं पाहिजे.

आणि वाचकाने? आपल्या भागातली बातमी जो नीट देतो त्या पत्राची वर्गणी भरावी. बातमीदाराला तक्रार सांगताना सोबत कागद द्यावा. त्याच्यावर दबाव आला, धमकी आली, तर त्याच्या बरोबर पोलीस ठाण्यात जावं. आपल्या प्रभागाची सभा कधी आहे ते विचारावं आणि एकदा तरी तिथे जाऊन बसावं. चार वर्षांच्या खंडानंतर सभागृहं भरू लागली आहेत, विषयपत्रिका निघू लागल्या आहेत, आयत्या वेळचे विषयही येऊ लागतील. येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता महापालिकेचं दफ्तर दोन तासांसाठी उघडं असेल.